गजन पिन

कुतुबभाईंनी काचेवर दोन पिना ठेवल्या.
एक पिवळ्या पडलेल्या खोक्यातली,
तेलकट कागदात गुंडाळलेली, ग्रीस वाळून मेण झालेलं.
दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत, स्टेपल मारलेली.
"ही साडेसातशे. ही नव्वद."
मग चहाचा ग्लास उचलून म्हणाले,
"आता गाडी तुमची, खिसा तुमचा."

नाना पेठेत दुपारी दोनला
निम्मी शटरं अर्ध्यावर असतात.
बाहेरून एक हातगाडी गेली, तिच्यावर सायलेन्सर
उसासारखे उभे बांधलेले.

येझदी माझी ब्याऐंशीची.
किक आणि गिअर एकाच दांड्यावर,
म्हणून कुणी उसनी मागत नाही.
हल्ली चढ लागला की आतून टकटक येते,
बंद दारावर कुणी नखाने वाजवावं तशी.
दारूवाला पुलापाशी खळदकर मिस्त्रीने
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सिलिंडरला लावलं, मूठ कानाला,
आणि डोळे मिटून म्हणाला, "पिन गेली.
आरसा, इंडिकेटर, सीटकव्हर, कुठलंही घाला.
पोटात जाणारं मात्र बघून आणा."

बघून म्हणजे कसं?
मी चष्म्याच्या डबीतून मायक्रोमीटर काढला.
दोन्ही पंधरा.
एक शतांशही इकडेतिकडे नाही.
कुतुबभाई हसले. "काका, रिटायर कुठून?"

तेवढ्यात पिशवीतली उजेडाकडे फिरवली
आणि कडेपाशी थांबलो.
पंचेचाळीसचा चॅम्फर,
पण जरा जास्तच खाल्लेला.
ही खोड माझी.
पानसेसाहेब ओरडायचे,
"निघोजकर, कड मोडा, कड गिळू नका!"
माझी, किंवा शेजारच्या लेथवरच्या पोराची,
ज्याला मीच शिकवलं.

भोसरीच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं पिना काढल्या,
पाळीला चारशे.
संध्याकाळी दोन ट्रे भरायचे, निळा आणि पांढरा.
निळा भट्टीला जायचा, मग ग्राइंडिंगला, मग खोक्यात.
पांढरा थेट ग्राइंडिंगला.
तिथून पुढे कुठे, ते मी विचारलं नाही.
पगार दोन्ही ट्रेंचा
एकाच पाकिटातून यायचा.

शेडच्या जागी आता लग्नाचा हॉल आहे.
माल अजून फिरतोय.

"कानस आहे?"
"आहे. पण मारलीत की घ्यावी लागेल."
"घेतली."

कानस घसरायला हवी होती,
बर्फाच्या लादीवरून चमचा सटकावा तशी.
ती चावली.
चांदीसारखा भुसा काचेवर पडला,
कुतुबभाईंनी फुंकर मारली,
आणि बराच वेळ ग्लासातल्या चहाकडे बघत राहिले.

खोक्यातलीवर कानस चालवायचा धीर झाला नाही.
घसरली असती तर ठीक.
शिक्काही कुणीतरी कुठेतरी छापतोच,
पाळीला चारशे.
साडेसातशे मोजले. वर नव्वद.

गुरुवारी गाडी गप्प झाली.
जुन्या कात्रज घाटात तिसऱ्यात चढली,
वर बोगद्यापाशी बंद करून उभा राहिलो तर
फक्त पत्रा थंड होतानाची टिकटिक.
आणि माझा डावा गुडघा,
जो ओरिजिनल असून वाजतो.

नव्वदवाली किल्लीला अडकवलीये.
पोकळ असते, साखळी आरपार जाते.
जिना चढताना खिशात अंगठा तिच्यावर फिरतो,
आधी कानशीचा ओरखडा लागतो,
मग कड.
कड चांगली उतरलीये.
बोट कापत नाही.